कळतं का? : ‘संवेदना’ या एका शब्दाचे अनेक अर्थ

१. प्रश्न कोठून निघतो

बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीसारख्या तालुक्याच्या गावी सकाळच्या वेळी एखाद्या दवाखान्यात जाऊन बसले, तर संवेदना या शब्दाचे सारे प्रकरण दोन शब्दांच्या एका प्रश्नात ऐकावयास मिळते. मधुमेह जडलेला, पन्नाशी ओलांडलेला एक शेतकरी खाटेवर पाय सोडून बसलेला असतो, डॉक्टर त्याला डोळे मिटावयास सांगतात, नायलॉनचा एक बारीक तंतू त्याच्या तळपायाला टेकवतात आणि विचारतात, “कळतं का?” हा तंतू असा घडविलेला असतो की त्यावर १० ग्रॅम भार पडताच तो वाकतो, तेव्हा तळव्याला १० ग्रॅमचा स्पर्श उमजतो की नाही, एवढेच त्या प्रश्नातून पाहावयाचे असते. काही ठिकाणी शेतकरी ‘हो’ म्हणतो, काही ठिकाणी गप्प राहतो, आणि डॉक्टर कागदावर लिहितात, ‘पायाची संवेदना कमी.’

तोच शेतकरी बाहेरच्या बाकावर बसून वर्तमानपत्र उघडतो, तेव्हा तेथे त्याला हा शब्द निराळ्याच वेषांत भेटतो. एका गावी चोरी झाल्याने ‘खळबळ’ उडालेली असते, निवडणुकीतील काही मतदान केंद्रे ‘संवेदनशील’ म्हणून जाहीर झालेली असतात, अग्रलेखात समाजाला ‘संवेदनाशून्य’ म्हटलेले असते, आणि एका कोपऱ्यात कोणा कवीला ‘संवेदनक्षम’ ठरविलेले असते. आपल्या तळपायातून जी गेली ती संवेदना आणि समाजातून जी गेली असे म्हणतात ती संवेदना एकच काय, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहिला तर तो रास्तच म्हटला पाहिजे. इंग्रजीतील ‘सेन्सेशन’ हा शब्द त्वचेच्या स्पर्शालाही चालतो आणि गावभर उडालेल्या गोंधळालाही चालतो. मराठीने या अर्थांची वाटणी निरनिराळ्या शब्दांत केली आहे. ती वाटणी कशी झाली आणि वाटणीनंतरही या अर्थांतील नाते कसे टिकले, हे या प्रकरणात क्रमाक्रमाने पाहावयाचे आहे.

२. शब्दाचे कूळ

संस्कृतातील ‘विद्’ या धातूचा अर्थ जाणणे असा आहे. वेद, विद्या, विद्वान हे ज्ञानवाचक शब्द त्याच धातूपासून निघाले, आणि वेदनाही त्याच घरची. तेव्हा मुळात वेदना म्हणजे जाणवणे, मग ते जाणवणे सुखाचे असो वा दुःखाचे. बौद्ध विचाराने हा व्यापक अर्थ काटेकोरपणे जपला असून, पाली ग्रंथांत वेदनेचे सुखद, दुःखद आणि सुखही नाही व दुःखही नाही असे तीन प्रकार मानलेले आहेत. मराठीत मात्र हा शब्द हळूहळू दुःखाकडे कलला आणि अखेरीस तेथेच स्थिरावला; आज कोणी ‘सुखद वेदना’ म्हटले, तर ऐकणारा क्षणभर थबकतो.

शब्दांनी अशी घरे बदलणे भाषेला नवे नाही. संस्कृतात ‘कटु’ म्हणजे मिरीसारखे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडुनिंबासारखे कडू. परंतु मराठीतील ‘कडू’ हा शब्द त्या ‘कटु’पासूनच आला आणि त्याने निंबाची चव पत्करली. वेदनेच्या बाबतीतही तसेच घडले, आणि तिचे जुने, निःपक्षपाती काम ‘सम्’ हा उपसर्ग लाभलेल्या संवेदनेकडे आले. इगतपुरीच्या धम्मगिरी येथे १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे भरतात. तेथे साधकाला देहावर उमटणाऱ्या उष्ण, शीत, जड, हलक्या अशा प्रत्येक संवेदनेकडे समभावाने पाहावयास शिकवितात, तेव्हा हा शब्द आपल्या मूळ अर्थाच्या अगदी निकट उभा असतो. शेजारच्या हिंदीत मात्र मृताच्या कुटुंबाला ‘संवेदना’ कळवितात. तेथे तिचा अर्थ सहानुभूती झाला. एका धातूची ही संतती, एक ज्ञानाकडे, एक दुःखाकडे, एक करुणेकडे गेलेली, आपण ध्यानात ठेवू. पुढे ती पुन्हा एकत्र येणार आहे.

३. आवक बारनिशी

शरीरशास्त्रातील संवेदना नेमकी काय, हे समजण्यास तहसील कचेरीचा दाखला पुरेसा आहे. कचेरीत अर्ज आला की प्रथम तो आवक बारनिशीत चढतो. अमुक तारखेस, अमुक गावाहून, अमुक क्रमांकाचा कागद दाखल झाला, एवढीच तेथे नोंद होते. पुढे तो कागद संबंधित कारकुनाकडे जातो. तो जुने दप्तर काढून मजकूर ताडून पाहतो आणि प्रकरण कशाचे आहे हे ठरवितो. त्यानंतर तहसीलदारांचा शेरा पडतो आणि शेवटी हुकूम सुटतो. आपल्या देहात बारनिशीतील नोंद ही संवेदना, दप्तराशी ताडून झालेला निर्णय हा बोध, त्यावर मनाने मारलेला बऱ्यावाइटाचा शेरा ही भावना, आणि हुकूम ही कृती.

मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानातून अनवाणी चालणारा माणूस घ्या. तळव्याला गारवा लागतो, चिकटपणा लागतो, दाब लागतो, या झाल्या संवेदना. ‘हा चिखल आहे, वाफसा अजून झालेला नाही’ हा झाला बोध, कारण त्यामागे अनेक पावसाळ्यांचे दप्तर आहे. पाऊस वेळेवर आला म्हणून मन सुखावले, ही झाली भावना. शहरातून पाहुणा आलेल्या मुलाच्या पायालाही गारवा आणि चिकटपणा तोच लागतो, परंतु त्याचा बोध निराळा आणि शेरा तर त्याहून निराळा असतो.

इतक्यात बाभळीचा काटा रुततो आणि काय झाले हे उमजण्यापूर्वीच पाय वर उचलला जातो. येथे कागद वरिष्ठांपर्यंत पोचण्याआधीच पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूने, गावच्या दक्ष कोतवालाप्रमाणे, तातडीचा बंदोबस्त केलेला असतो. मेंदूकडे अहवाल मागाहून जातो.

नुसती नोंद आणि नाव दिलेला बोध यांतील हा भेद आपल्याकडील नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, फार पूर्वी ओळखला होता. इंद्रियाचा विषयाशी संबंध येताच जे निखळ, नामरूपाविना भान होते त्याला त्यांनी निर्विकल्पक प्रत्यक्ष म्हटले, आणि ‘ही गाय आहे’ असे नावानिशी होणाऱ्या ज्ञानाला सविकल्पक. आधुनिक मानसशास्त्र संवेदना आणि बोध अशी जी जोडी शिकविते, तिच्याशी या जोडीचे साम्य सहज दिसून येईल.

४. घरी करून पाहण्याजोगे प्रयोग

संवेदना ही जगाची हुबेहूब प्रत असते असा आपला समज असतो. तो किती खरा, हे पाहण्यास प्रयोगशाळेची गरज नाही.

पहिला प्रयोग तीन भांड्यांचा. एकात माठातील गार पाणी, दुसऱ्यात सोसेल इतके ऊन पाणी आणि मधल्यात कोमट पाणी घ्यावे. डावा हात गार पाण्यात आणि उजवा ऊन पाण्यात मिनिटभर ठेवून मग दोन्ही हात मधल्या भांड्यात बुडवावे; डाव्या हाताला ते पाणी ऊन लागते आणि उजव्याला तेच गार. एकच पाणी दोन हातांना दोन प्रकारचे लागते, ही गोष्ट सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी विचारासाठी पुढे मांडली होती. त्वचा तापमानाचा आकडा वाचत नाही, तर आधीच्या स्थितीपासून झालेला फरक वाचते, हे यातून निघते.

दुसरा प्रयोग दोन काड्यांचा. एकाने डोळे मिटावे आणि दुसऱ्याने दोन काड्यांची टोके एकाच वेळी त्याच्या त्वचेला टेकवून ती एक वाटतात की दोन, हे विचारावे. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटर अंतरही ओळखू येते. पाठीवर मात्र चार सेंटिमीटरपर्यंत अंतर असले तरी दोन टोके एकच भासतात. बारनिशीचे कारकून बोटांवर दाटीने बसविलेले आहेत आणि पाठीवर तुरळक, असा याचा अर्थ.

तिसरा प्रयोग वजनाचा. समजा, हातात १ किलोची पिशवी आहे आणि तीत २० ग्रॅम भर पडली की वजन वाढल्याचे जेमतेम उमगते. मग ५ किलोच्या पिशवीत तेच २० ग्रॅम घातले तर काहीच उमगत नाही. तेथे १०० ग्रॅम घालावे लागतात. फरक कळण्यास ठरावीक भार नव्हे तर ठरावीक प्रमाण लागते, हा नियम जर्मन शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी १८३४ साली मांडला. याच्या जोडीला सवयीचा नियम येतो: डोक्यावर घातलेली टोपी पहिल्या काही क्षणांनंतर जाणवेनाशी होते, कारण तोच कागद पुन्हा पुन्हा आला की बारनिशी तो चढविणे थांबविते. वेबरचे प्रमाण आणि टोपीची सवय या दोन गोष्टी वाचकाने जपून ठेवाव्यात, कारण वर्तमानपत्रातील खळबळीचा उलगडा त्यांनीच होणार आहे.

अखेरची एक गोष्ट प्रयोगाने नव्हे, अनुभवाने प्रत्येकाला ठाऊक असते. डोक्याला जोराचा मार लागला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. तेथे प्रकाश कोठेच नसतो. केवळ धक्का असतो. परंतु दृष्टीच्या वाटेवर कसलाही धक्का बसला तरी ती वाट तिला ठाऊक असलेल्या एकाच भाषेत, म्हणजे प्रकाशाच्या भाषेत, त्याची वर्दी देते. योहानेस म्युलर या शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हेच तत्त्व शास्त्राच्या भाषेत सांगितले.

५. तिखट, कळ आणि ठणका

मिरचीचा ठेचा आणि भाकरी हे वऱ्हाडातील नित्याचे जेवण. परंतु तिखट ही जिभेची चव नाही, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. गोड, आंबट, खारट, कडू यांची नोंद चवीच्या पेशी करतात. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य मात्र दाहाची वर्दी देणाऱ्या मज्जातंतूंवरचे एक दार उघडते. हे दार एरवी सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर उष्णता गेली म्हणजे उघडावयाचे. मिरची ते खोट्या किल्लीने उघडते आणि जीभ भाजल्याची फिर्याद मेंदूकडे दाखल होते. डेव्हिड ज्युलियस यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९९७ मध्ये या दाराचा शोध लावला, आणि २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना व दाबाची नोंद करणारी दारे शोधणारे आर्देम पातापुतियान यांना मिळून देण्यात आले. आपल्या भाषेला याची चाहूल आधीपासून होती असे म्हणावेसे वाटते, कारण मिरची ‘झोंबते’, तिने तोंडाची ‘आग होते’ असे आपण म्हणतो. हे शब्द चवीचे नसून त्वचेचे आहेत. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. म्हणून तिखट लागल्यावर पाण्याच्या तांब्यापेक्षा दह्याची वाटी अधिक उपयोगी पडते.

दुसरे उदाहरण ठेच लागण्याचे. अंगठा दगडावर आपटला की प्रथम एक तीक्ष्ण कळ मस्तकात जाते आणि क्षणभराने मागून मंद, पसरट, ठणकणारे दुःख येते. या दोन वर्द्या दोन निरनिराळ्या मज्जातंतूंवरून धावतात. अंगठ्यापासून पाठीच्या कण्यापर्यंतचे अंतर सुमारे १ मीटर धरले आणि जलद तंतूचा वेग सेकंदाला १५ मीटर मानला, तर कळ सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्यात पोचते. संथ तंतूचा वेग सेकंदाला सुमारे १ मीटर, म्हणून मागचे दुःख पोचण्यास एक पूर्ण सेकंद लागतो. शास्त्राने मोजण्यापूर्वीच मराठीने पहिलीला कळ आणि दुसऱ्याला ठणका अशी वेगळी नावे दिलेली होती.

किंबहुना या बाबतीत आपली भाषा अतिशय श्रीमंत आहे. पायाला मुंग्या येतात, हाताला झिणझिण्या येतात, पाठीत उसण भरते, छातीत चमक निघते, काटा सलतो, डोळ्यात कण खुपतो, जखम चुरचुरते, गळू ठुसठुसते, सोलवटलेली कातडी हुळहुळते. हे शब्द केवळ अलंकार नव्हेत. ‘ठुसठुसतं’ म्हणणाऱ्या रोग्याच्या ठिकाणी पू धरला असावा आणि ‘मुंग्या येतात, आग होते’ म्हणणाऱ्याचे मज्जातंतू दुखावले असावेत, असा तर्क जाणता डॉक्टर शब्दावरूनच बांधू लागतो. खेड्यांतील वृद्ध माणसे हे शब्द अजून अचूक वापरतात. नव्या पिढीने त्या सर्वांच्या जागी ‘दुखतंय’ हा एकच शब्द ठेवला, तर रोगनिदानाचे एक विनामूल्य साधन आपण आपल्या हाताने गमावू.

६. बधिरता

संवेदनेचे मोल तिच्या अभावी समजते, आणि त्याची मोठी साक्ष विदर्भाच्याच भूमीत आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीजवळ तपोवन उभारले आणि बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन फुलविले, ते कुष्ठरोग्यांसाठी. नॉर्वेतील हान्सेन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू दाखवून दिला होता. तरीही रोग्याची बोटे झडतात ती रोगाने मांस कुजते म्हणून, असा समज पुढेही दीर्घकाळ चालू राहिला. वेल्लोर येथील शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला निराळे कारण दाखवून दिले. जंतू मज्जातंतूंना बधिर करतात. मग चुलीवरचे पातेले हाताने उचलले तरी चटका बसत नाही, वहाणेतील खिळा टोचला तरी पाऊल अडखळत नाही, आणि ज्या इजांपासून दुःखाने आपले रक्षण करावयाचे, त्याच इजा नकळत साचत जाऊन अवयव नष्ट करतात.

मधुमेही शेतकऱ्याच्या तळपायाची गोष्ट याहून वेगळी नाही. त्याला दुखत नाही, हाच त्याचा धोका. म्हणून त्याला रोज रात्री दिव्याच्या उजेडात तळवे डोळ्यांनी तपासावयास सांगतात; जी नोंद त्वचा करीत नाही ती डोळ्यांनी करावयाची. वेदना नाहीशी व्हावी ही माणसाची सनातन प्रार्थना आहे. परंतु वेदनेचे दार कायमचे बंद झालेल्या देहाकडे पाहिले म्हणजे ती प्रार्थना जपून करावी असे वाटू लागते.

७. कचेरीत आणि बाजारात गेलेला शब्द

‘संवेदनशील’ या विशेषणाचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. अल्प कारणानेही ज्यात मोठा फरक पडतो ते संवेदनशील, हा त्याचा गाभा. अंधुक प्रकाशातही चित्र पकडणारी छायाचित्राची फिल्म संवेदनशील. जेथे ठिणगीने वणवा पेटू शकतो ते गाव किंवा मतदान केंद्र शासनाच्या दप्तरी संवेदनशील. मुंबई शेअर बाजाराचा ‘सेन्सेक्स’ १९८६ पासून प्रसिद्ध होऊ लागला. १९७८-७९ हे वर्ष १०० धरून ३० कंपन्यांच्या भावांवरून काढल्या जाणाऱ्या या निर्देशांकाच्या नावातही ‘संवेदनशील’ याच अर्थाचा इंग्रजी शब्द दडलेला आहे. कवीला हेच विशेषण लावताना आपण त्यात आणखी एक गोष्ट गृहीत धरतो, ती म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाची नोंद आपल्या बारनिशीत होणे. यंत्राची आणि बाजाराची संवेदनशीलता येथवर कधीही येत नाही.

८. खळबळ

खळबळ हा अस्सल मराठी शब्द पाण्याच्या आवाजातून जन्मला. हंड्यातील पाणी हिंदकळले की खळबळते, पोटात वारा धरला की खळबळते, आणि एखादी बातमी येऊन आदळली की गाव खळबळते. हिंदीतील ‘सनसनी’ हा शब्द प्रथम अंगात उठणाऱ्या झिणझिण्यांचा होता, मग तो बातमीचा झाला. आपण त्याच घरातून ‘सनसनाटी’ हा शब्द आणला. देहाच्या शब्दाने समाजाचे वर्णन करण्याची ही रीत एकट्या इंग्रजीची नाही.

बुलढाणा जिल्ह्यातीलच लोणारच्या सरोवराने अशी एक खळबळ जून २०२० मध्ये पाहिली. खाऱ्या पाण्याचे ते प्राचीन विवर एकाएकी गुलाबी दिसू लागले आणि छायाचित्रे दूरवर पोचली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले की पाऊस कमी, बाष्पीभवन अधिक, त्यामुळे पाण्यातील क्षार वाढला आणि क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याने पाणी रंगले. ते जीव तळाशी बसताच नमुन्यातील पाणी पुन्हा नितळ झाले. खळबळीचेही असेच असते. ती खोटी नसते. पाणी खरोखरच गुलाबी होते. परंतु निवळल्यावर खाली काय उरले हे पाहावयास फार थोडे लोक थांबतात.

येथे चौथ्या भागातील दोन नियम आठवावेत. रोज एक खळबळजनक बातमी वाचणाऱ्याला ती डोक्यावरच्या टोपीसारखी जाणवेनाशी होते. मग त्याचे लक्ष वेधण्यास २० ग्रॅम पुरत नाहीत, १०० ग्रॅम लागतात, आणि मथळ्यांचे टाइप दिवसेंदिवस मोठे होत जातात. खळबळ वाढत असता संवेदना घटत जाते, ही वरवर विसंगत वाटणारी गोष्ट वेबरच्या पिशवीवरून पाहिली म्हणजे स्वाभाविक वाटते.

९. पुन्हा तोच प्रश्न

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये याच जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस काही दिवसांतच मुठीमुठीने गळू लागले. ‘टक्कल व्हायरस’ असे नाव पडले, बातमी सर्वत्र गेली, पथके आली, पाण्याचे आणि रक्ताचे नमुने घेतले गेले. विंचूदंशावरील उपचारांसाठी ख्यात असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रोग्यांच्या रक्तात आणि केसांत, तसेच त्यांच्या खाण्यातील गव्हात, सेलेनियम या द्रव्याचे प्रमाण फार वाढलेले असल्याचे निदर्शनास आणले. अर्थात ज्याला विषाणू म्हटले गेले, त्याची वाट ताटातील पोळीकडे वळली.

या एका घटनेत आपल्या शब्दाचे सारे अर्थ हजर आहेत. डोक्याला प्रथम जी खाज सुटली ती संवेदना. कंगव्यात केसांचा पुंजका पाहून ‘काहीतरी बिघडले’ असे उमजणे हा बोध. उघड्या डोक्याने चारचौघांत जाण्याची लाज ही वेदना. आणि जिल्ह्याबाहेर जे उडाले ती खळबळ. राहिला एकच अर्थ. पदर डोक्यावरून पुढे ओढून घरात बसलेल्या एखाद्या मुलीचे दुःख चिखलीत, पुण्यात, मुंबईत बातमी वाचणाऱ्याच्या बारनिशीत चढले की नाही? चढले असेल तर ती सहवेदना, आणि मग ‘गहू तपासला का, पुढे काय झाले’ हे तो महिन्याभराने आपण होऊन विचारील. कारण ज्याला दुखते तो जखमेकडे पुन्हा पाहतो.

विद् म्हणजे जाणणे, या मुळाशी आपण येथे परत येतो. आपल्या बोलीत अंगातून उठणारी ‘कळ’ आणि बुद्धीला होणारे ‘कळणे’ हे दोन शब्द उच्चाराने इतके शेजारी आहेत की खाटेवरच्या शेतकऱ्याला डॉक्टर जे विचारतात, त्यात दोन्ही एकदम ऐकू येतात. तो मिटल्या डोळ्यांनी क्षणभर थांबतो, तळव्याकडून काही वर्दी येते का याचा मनापासून शोध घेतो, आणि मगच उत्तर देतो. वर्तमानपत्राची घडी करून ठेवण्यापूर्वी तेवढाच वेळ थांबून तोच प्रश्न प्रत्येकाने आपणांस विचारावा, आणि उत्तर आले नाही, तर त्या शेतकऱ्याप्रमाणे रात्री दिवा जवळ घेऊन पाहावे.